हँडलची उंची आणि माणसाचे माप

इतिहासावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया, तहनामे आणि सनावळ्या उभ्या राहतात. आम्ही मात्र आपणांपुढे सायकलच्या हँडलचा इतिहास घेऊन आलो आहोत. आणि तोही संपूर्ण हँडलचा नव्हे, केवळ त्याच्या उंचीचा. विषय ऐकून काहींना हसू येईल, आणि ते आम्हांस मान्य आहे. परंतु आमचे उभे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. यंत्रापुढे उभा राहणारा माणूस किती वाकतो, त्याचे हात कोठे पोहोचतात आणि संध्याकाळी त्याचे काय दुखते, हे पाहण्याची सवय आम्हांस जडली आहे. यंत्र माणसाच्या मापाचे करावयाचे की माणसाने यंत्राच्या मापाचे व्हावयाचे, हा प्रश्न कारखान्यात जितका जुना आहे, तितकाच तो सायकलवरही जुना आहे. सायकलवर तो डोळ्यांना अधिक स्वच्छ दिसतो, इतकेच.

सायकलस्वाराचा यंत्राशी संबंध तीन ठिकाणी येतो. पाय पायडलवर, बैठक सीटवर आणि हात हँडलवर. पायडल जेथे आहे तेथेच राहते. सीट वरखाली करता येते, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. उरले हँडल. ते खाली नेले तर पाठ वाकते, छाती झाकते आणि वाऱ्याला अंग कमी लागते. ते वर नेले तर पाठ सरळ होते, मान सुटते, दृष्टी मोकळी होते. पण वारा छातीवर बसतो. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्याची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्च होते, आणि त्या हवेच्या विरोधात सायकलचा वाटा थोडा, स्वाराच्या देहाचाच मोठा. वेग दुप्पट करावयाचा तर हवेशी झुंजण्यासाठी आठपट शक्ती लागते. म्हणून शर्यतीच्या जगात हँडल खाली खेचण्याचा मोह सतत होत आला, आणि माणसाची पाठ, मान व मनगटे त्याविरुद्ध सतत तक्रार करीत आली. आमचा इतिहास या ओढाताणीचा आहे.

प्रथम मूळ पुरुषाकडे जाऊ. 1870 नंतरच्या दशकात इंग्लंडात पुढचे चाक प्रचंड आणि मागचे इवलेसे, अशा उंच सायकलींचे राज्य होते. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असल्यामुळे चाक जितके मोठे तितका वेग अधिक. परंतु चाक किती मोठे घ्यावे हे स्वाराच्या पायाची लांबी ठरवी. लांब टांगांचा माणूस साठ इंची चाक घेई, बुटक्याला लहान चाकावर समाधान मानावे लागे. म्हणजे त्या काळी माप होते, पण ते फक्त तरण्या, धडधाकट पुरुषाच्या पायाचे होते. स्त्रिया, वृद्ध आणि भित्रे लोक या हिशेबात नव्हतेच. पुढच्या खळग्यात चाक अडले की स्वार हँडलवरून डोक्यावर आपटे.

1885 साली कॉव्हेन्ट्री येथील जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' ही सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी, मध्ये साखळी, आणि स्वार दोन चाकांच्या मधोमध. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. त्याचे श्रेय लोक साखळीला देतात. आम्हांस त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. 1898 साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेपुढे स्टार्लीने एक व्याख्यान दिले आणि आपण कोणत्या विचाराने हे यंत्र रचले ते सांगितले. स्वार जमिनीपासून योग्य अंतरावर असावा. सीट पायडलच्या मानाने योग्य जागी असावी व ती मागेपुढे आणि वरखाली करता यावी. हात अशा जागी असावेत की कमीत कमी थकव्यात पायडलवर जास्तीत जास्त जोर लावता येईल. आणि ते हँडलही हलविता यावे. हा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. त्याने सुरुवात चाकापासून केली नाही, माणसापासून केली. आणि माणसे एका मापाची नसतात हे ओळखून बदलाची सोय आरंभीच ठेवली. हँडल वरखाली व्हावे हा कोणा चोखंदळ गिऱ्हाइकाचा मागाहूनचा हट्ट नव्हे. आधुनिक सायकलच्या जन्मपत्रिकेतच ते कलम आहे.

ही सोय पुढे ज्या रीतीने रूढ झाली ती आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. हँडलची उभी दांडी पुढच्या नळीत खाली उतरलेली असते आणि तिच्या तळाशी एक पाचर असते. वरचा लांब बोल्ट पान्याने सैल करावयाचा, त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक ठोका द्यावयाचा. पाचर सुटते, हँडल हवे तितके वर घ्यावयाचे आणि बोल्ट पुन्हा आवळावयाचा. गावातल्या कोणत्याही सायकलवाल्याला हे काम येई. ब्रेकच्या दांड्या तेवढ्या पुन्हा जुळवून घ्याव्या लागत.

स्टार्लीची सायकल स्वस्त होत गेली तशी ती मजुरांच्या हाती आली. 1894 साली इंग्लंडात 'क्लॅरियन' या समाजवादी पत्राच्या वाचकांनी सायकलस्वारांचा संघ काढला, आणि 1896 साली जर्मनीत कामगार सायकलस्वारांचा 'सॉलिडारिटेट' हा संघ निघाला. रविवारी सायकलवर टांग टाकून खेड्यापाड्यांत पत्रके वाटावयाची, हे त्यांचे काम. हे लोक अर्थातच हँडल बेताच्या उंचीवर ठेवीत. त्याच दशकात वेगाच्या नादाने हँडल गुडघ्यांपर्यंत खाली नेऊन रस्त्याने सुसाट जाणारी तरुण मंडळीही निघाली. डॉक्टरांनी त्यांच्या वाकलेल्या पाठीला लॅटिन नावाचा एक रोगही बहाल केला आणि वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. रोग काही खरा ठरला नाही. परंतु एकाच यंत्रावर दोन माणसांना दोन निरनिराळ्या बैठका हव्या असतात, ही गोष्ट मात्र तेव्हाच स्पष्ट झाली.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर सायकलचे मोठे कारखाने उभे राहिले. मद्रासला, सोनीपतला, आसनसोलला आणि पुढे लुधियान्याला. मुंबईतही वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. या कारखान्यांनी दूधवाला, पोस्टमन, गिरणीकामगार आणि शाळामास्तर यांना पाय दिले, हे त्यांचे उपकार लहान नव्हेत. परंतु मापांच्या बाबतीत हात आखडता होता. 22 इंची आणि 24 इंची, पुरुषांसाठी मुख्यत्वे एवढीच मापे. घरात सायकल एकच, ती बापाच्या मापाची. म्हणून आमच्या पिढीने तासाच्या भाड्याने सायकल आणून, नळीखालून पाय घालून, कंबर वाकडी करून, हाफ पायडल मारीत सायकल शिकली. लोक त्या आठवणीचे कौतुक करतात. त्यात मौज होती हे खरे, पण यंत्र आपल्या मापाचे नसेल तर आपणच वाकडे व्हावयाचे हा धडाही आम्ही त्याच वयात गिरविला. पुढे कारखान्यात तोच धडा पुष्कळांना उपयोगी पडला, आणि तो उपयोगी पडला हीच वाईट गोष्ट झाली.

आता ज्या सायकलीसाठी हा विषय विशेष महत्त्वाचा, तिच्याकडे वळू. ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे या तिन्ही गोष्टी एकामागून एक, न थांबता करण्याची शर्यत. या नावाने आज ओळखला जाणारा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे मिशन बेच्या काठी सप्टेंबर 1974 मध्ये सुरू झाला. 1978 च्या फेब्रुवारीत हवाई बेटांतील ओआहू येथे त्याचे महाकाय रूप निघाले. 3.8 किलोमीटर पोहावयाचे, 180 किलोमीटर सायकल चालवावयाची आणि शेवटी 42 किलोमीटरांहून अधिक धावावयाचे. पहिल्या वर्षी 15 जण उतरले, 12 जणांनी शर्यत पुरी केली. विजेता गॉर्डन हॅलर याला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. याला 'आयर्नमॅन', म्हणजे लोहपुरुष, असे नाव पडले.

या शर्यतीत सायकलवरच्या बैठकीचा प्रश्न इतर शर्यतींहून वेगळा आहे. रस्त्यावरच्या शर्यतीत स्वार घोळक्याच्या आडोशाने जातो. वारा पुढचे खातात. येथे एकमेकांच्या मागे लपण्यास मनाई आहे, म्हणून 180 किलोमीटर प्रत्येकाने स्वतःचा वारा स्वतः कापावयाचा. आणि सायकल संपली की काम संपले असे नाही. उतरून लगेच धावावयाचे आहे. म्हणजे हँडल फार खाली ठेवून मिनिटे वाचविली आणि कंबर जखडली, तर वाचविलेली मिनिटे धावताना व्याजासह परत द्यावी लागतात. एका पाळीत जास्त माल काढून घेतला आणि दुसऱ्या पाळीला कामगार आजारी पडला, असा हा हिशेब आहे.

पहिली दहा वर्षे हे लोक साध्या शर्यतीच्या सायकलीच वापरीत. 1987 साली बून लेनन नावाच्या अमेरिकन बर्फघसरणीच्या शिक्षकाने एक नवे हँडल काढले. बर्फावरून घसरणारे खेळाडू हात पुढे जुळवून, अंग चोरून जसे बसतात, तसे सायकलवर बसता यावे अशी त्याची रचना होती. कोपरे मऊ गाद्यांवर टेकावयाची आणि हात पुढे एकत्र आणावयाचे. याच्या आधीच अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या हजारो मैलांच्या शर्यतीतील काही स्वारांनी कोपरे टेकण्याची सोय सायकलींना करून घेतली होती. त्यांच्या हातांना मुंग्या येत आणि त्यांना विसावा हवा होता. विसाव्याची सोय आणि वेगाची सोय एकच निघाली, ही यातील मौज. ट्रायथलॉनवाल्यांनी ते हँडल ताबडतोब उचलले. सायकलशर्यतीचे जुने घराणे मात्र नाके मुरडीत राहिले.

त्यांचे डोळे 23 जुलै 1989 रोजी उघडले. फ्रान्सच्या जगप्रसिद्ध शर्यतीचा तो अखेरचा दिवस. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटर, प्रत्येकाने एकट्याने जावयाचे. अमेरिकेचा ग्रेग लेमॉन्ड फ्रान्सच्या लॉराँ फिन्योंच्या 50 सेकंद मागे होता. लेमॉन्डने ट्रायथलॉनवाल्यांचे ते हँडल लावले, फिन्योंने जुनेच ठेवले. एवढ्या थोड्या अंतरात 50 सेकंद भरून निघणे अशक्य, असे जाणते लोक म्हणत होते. लेमॉन्डने 58 सेकंद भरून काढले आणि 3,285 किलोमीटरांची शर्यत 8 सेकंदांनी जिंकली. सारे श्रेय हँडलला देणे अन्यायाचे होईल. माणूस बलवान होता. परंतु त्या दिवसानंतर त्या हँडलला कोणी हसले नाही.

हँडल बदलले आणि लगेच दुसरी अडचण पुढे आली. जुन्या सायकलीत सीटखालची नळी मागे कललेली असते. तीवर बसून कोपरे खाली टेकली की मांडी पोटात शिरते, श्वास कोंडतो, आणि स्वार नकळत पुढे घसरत सीटच्या टोकावर येतो. डॅन एम्पफील्ड या अमेरिकन सायकलकर्त्याने 1989 च्या सुमारास त्यावर उपाय काढला. त्याने क्विंटाना रू या नावाने केलेल्या सायकलीत सीटची नळी जवळजवळ उभी केली. माणूस पायडलच्या आसाभोवती सबंधच पुढे फिरविला. त्यामुळे मांडी आणि धड यांमधला कोन मोकळा राहिला आणि तरीही पाठ आडवी झाली. पुढचा भाग खाली यावा म्हणून चाकेही लहान घेतली. ट्रायथलॉनसाठीच रचलेली पहिली सायकल म्हणून तिचे नाव घेतात. ध्यानात घ्यावयाचे ते हे की हँडल खाली न्यावयाचे तर सीटही पुढे आली पाहिजे. सगळी बैठक एकत्र हलते. एकच स्क्रू फिरवून न्याय होत नाही.

याच वेळी दुसरीकडे एक सुधारणा झाली, आणि तिने विचित्र घोटाळा केला. 1990 च्या सुमारास पाचरीचे हँडल जाऊन नव्या तऱ्हेचे हँडल आले. त्यात पुढच्या चिमट्याची नळी वरपर्यंत येते आणि हँडलचा जोड तिला बाहेरून आवळला जातो. हे हलके, मजबूत, आणि कारखान्यात जुळणीला सोपे. परंतु आता उंची पाचरीवर नव्हे, जोडाखाली घातलेल्या चकत्यांवर ठरू लागली. आणि नळी विक्रीपूर्वी करवतीने कापू लागले. कापलेले केस वाढतात, कापलेली नळी वाढत नाही. ज्याला हँडल दोन बोटे वर हवे त्याने काय करावे? जोड बदलावा, नाहीतर सबंध चिमटा बदलावा. स्वस्तातल्या सायकलवर जे एका पान्याने होत होते, ते महागड्या सायकलवर अवघड होऊन बसले.

पुढे हे अधिकच वाढले. 2008 नंतरच्या काही वर्षांत वाऱ्याच्या बोगद्यात सायकली तपासून कंपन्यांनी हँडल, त्याचा जोड, ब्रेक आणि तारा हे सर्व एकजीव करून आत लपविले. दिसावयास यंत्र देखणे, वारा कापण्यास उत्तम. पण हँडल थोडे वर करावयाचे तर आतल्या तारा आखूड पडत, ब्रेकच्या तेलाच्या नळ्या काढाव्या लागत, कंपनीचा खास तुकडा मागवावा लागे. शिवाय पुढची नळी आखूड ठेवून अशा सायकली धंदेवाईक खेळाडूंना शोभतील इतक्या खाली केलेल्या असत. त्या विकत मात्र घेत होते कोण? चाळिशीतले डॉक्टर, शिक्षक, इंजिनियर. दिवसभर खुर्चीत बसून कंबर ताठलेली माणसे. लाखो रुपये मोजून सायकल घ्यावयाची, तीवर मान आखडून बसावयाचे, आणि शेवटी शर्यतीत कोपरे गादीवर न टेकता हात बाजूच्या दांड्यांवर ठेवून सरळ बसून जावयाचे. वाऱ्यासाठी मोजलेले सगळे पैसे वाऱ्यावर गेले! आणि यातला दोष बहुतेक जण स्वतःकडे घेत. आपलेच अंग लवचीक नाही, आपलाच सराव कमी, असे म्हणत. यंत्र चुकीच्या मापाचे असेल हे त्यांच्या मनातच येत नसे.

ही वृत्ती आम्ही चांगली ओळखतो. एका कारखान्यात, त्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, जुळणीखात्यातील टेबले सर्वांना एकाच उंचीची होती. बुटक्या स्त्रिया लाकडी फळ्यांवर उभ्या राहून काम करीत. उंच पुरुष दिवसभर मान घालून. संध्याकाळी दोघांच्याही पाठी दुखत, पण दुखणे वेगळे असल्यामुळे कोणालाच ते सर्वांचे वाटत नव्हते. ही तक्रार मागणीपत्रात घातली तेव्हा आमच्याच काही सभासदांना ती क्षुल्लक वाटली. बोनसपुढे टेबल ते काय! व्यवस्थापकांचे उत्तर होते की टेबल सरासरी माणसाच्या मापाने केलेले आहे. पायांना स्क्रू असलेली टेबले यावयास त्यानंतर दीड वर्ष लागले.

हा सरासरी माणूस कोण, याचा शोध अमेरिकेच्या विमानदलाने फार पूर्वी घेतला होता. 1950 च्या सुमारास त्यांची विमाने वारंवार अपघातात सापडत होती, आणि वैमानिकाची जागा तर सरासरी मापे घेऊन बांधलेली होती. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने 4,063 वैमानिकांची मापे तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे निवडली, आणि दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास किती जण येतात ते मोजले. उत्तर आले शून्य. चार हजारांत एकही सरासरी माणूस नव्हता. म्हणजे सरासरीसाठी बांधलेली जागा कोणासाठीच बांधलेली नव्हती. यातून विमानदलाने धडा घेतला आणि सीट, पायडल, पट्टे असे सर्व मागेपुढे करता येईल अशी मागणी केली. कारखानदार म्हणाले, हे फार खर्चाचे. मग त्यांनी ते करूनही दाखविले. आज आपल्या मोटारीची सीट पुढेमागे सरकते, त्यामागे हाच विचार आहे.

सायकलच्या जगात हाच विचार स्त्रियांच्या बाजूने आधी आला. 1985 साली अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनियर बाईंनी बुटक्या स्त्रियांसाठी सायकली विकावयास आरंभ केला. मोठे चाक तसेच ठेवून सांगाडा नुसता लहान केला तर हँडल उंच आणि लांब राहते. म्हणून त्यांनी पुढचे चाकच लहान केले. पुरुषाच्या सायकलीला रंग फासून बायकांची म्हणून विकण्याच्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

ट्रायथलॉनच्या सायकलीत मार्ग सापडला तो मोजणीतून. जुनी पद्धत सीटच्या नळीची लांबी मोजण्याची. परंतु हात कोठे जातील याबद्दल ती नळी काहीच सांगत नाही. वर उल्लेखिलेल्या एम्पफील्डनेच 2000 नंतरच्या दशकात नवी मोजणी पुढे आणली. पायडलच्या आसाचे केंद्र हा मूळ बिंदू धरावयाचा, आणि पुढच्या नळीचे वरचे टोक तेथून किती उंच आहे व किती पुढे आहे, हे दोन आकडे काढावयाचे. बस्स. या दोन आकड्यांनी कोणतीही सायकल दुसरीशी ताडून पाहता येते. 'मध्यम' म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या सायकली किती निराळ्या आहेत, हे गिऱ्हाइकाला प्रथमच कळले. जेथे माप गिऱ्हाइकाच्या हाती येते तेथे विक्रेत्याची मखलाशी कमी होते, हा तागडीपासूनचा नियम आहे. आज बहुतेक प्रमुख कंपन्या हे आकडे छापतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कोपऱ्याखालच्या गादीची उंची आणि अंतर त्याच बिंदूपासून मोजणे. कारण ट्रायथलॉनमध्ये खरा भार हातावर नव्हे, कोपरावर असतो.

यातून रचनाही बदलली. खालचे हँडल खालीच ठेवावयाचे, वाऱ्याला ते बरे. आणि कोपराच्या गाद्या मात्र स्वतंत्र खांबांवर वर चढवावयाच्या. खांबाखाली तुकडे घाला, उंची वाढली. काढा, कमी झाली. तारांना हात लावण्याचे कारण नाही. 2016 साली हवाईतील शर्यतीच्या वेळी सर्व्हेलो या कॅनडातील कंपनीने पुढे आणलेल्या सायकलीत सबंध पुढचा भागच वरखाली सरकविण्याची सोय होती. इतरांनीही आपापल्या परीने तीच वाट धरली. आणि गाद्या वर गेल्या की वेग मेलाच, हा समजही ढिला झाला. मान सैल पडून डोके दोन खांद्यांच्या मध्ये खाली येते, हात चेहऱ्यासमोर येतात, आणि कित्येकांच्या बाबतीत वारा पूर्वीइतकाच किंवा कमी लागतो. मुख्य म्हणजे तशी बैठक तासन्‌तास टिकते. न टिकणारी उत्तम बैठक ही उत्तम बैठकच नव्हे.

नियम करणाऱ्या मंडळींचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जागतिक सायकलसंघ 1900 साली स्थापन झाला. 1933 साली फ्रान्सिस फॉर याने मागे रेलून बसण्याच्या सायकलीवर तासाभरात 45 किलोमीटरांहून अधिक जाऊन जुना विक्रम मोडला, तेव्हा पुढच्याच वर्षी संघाने असल्या सायकली शर्यतीतून बाद केल्या. 1993 मध्ये स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री याने छातीखाली हात दुमडून बसण्याची नवी रीत काढून तासाचा विक्रम केला. आपल्या घरी बनविलेल्या सायकलीत त्याने कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग घातले होते! संघाने ती बैठक 1994 मध्ये बंद केली. त्याने हात पुढे ताणण्याची दुसरी रीत काढली, तीही पुढे बंद झाली. ट्रायथलॉन या संघाच्या अमलाखाली नव्हते, म्हणूनच तेथे नवे प्रयोग वाढले. पण शेवटी संघालाही माणसाचे माप मान्य करावे लागले. 1 जानेवारी 2023 पासून एकट्याने धावावयाच्या शर्यतींत त्यांनी स्वारांचे उंचीप्रमाणे तीन वर्ग केले. कोपराची गादी आणि पुढच्या दांडीचे टोक यांच्या उंचीत किती फरक चालेल, तर 180 सेंटिमीटरांहून कमी उंचीच्या स्वाराला 10 सेंटिमीटर, 180 ते 190 पर्यंत 12, आणि त्याहून उंच असलेल्याला 14. ज्या संघाने नव्या बैठकी एकामागून एक बाद केल्या, त्यालाच सर्वांना एक नियम लावणे म्हणजे सर्वांना समान न्याय नव्हे, हे कबूल करावे लागले.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. प्रत्येक हलता सांधा म्हणजे थोडे अधिक वजन, थोडी अधिक किंमत आणि सैल होण्याची एक नवी जागा. कार्बनच्या नळीवर बोल्ट वाजवीपेक्षा अधिक आवळला तर ती चिरडते, आणि कमी आवळला तर हँडल भर वेगात फिरते. म्हणून कारखानदार म्हणतो ते सगळेच खोटे नसते. परंतु खर्च वाचविला तर तो कोणाच्या अंगावर जातो, हे पाहणे अवश्य आहे. यंत्रातून वजा केलेला स्क्रू माणसाच्या मानेत जाऊन बसतो.

हा प्रश्न आता दूरदेशीचा राहिलेला नाही. 20 ऑक्टोबर 2019 रोजी गोव्यात पणजीजवळ मिरामार येथे आयर्नमॅनची अर्ध्या अंतराची शर्यत प्रथम झाली; 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणे. पुण्या-कोल्हापुराकडील कितीतरी मंडळी आता या शर्यतींना जातात. त्यांत डॉक्टर आहेत, पोलीस अधिकारी आहेत, गृहिणी आहेत. त्यांतील काही आपणांतही असतील, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. प्रथम आपली बैठक ठरवावी, मग तिला बसणारी सायकल शोधावी. उलट करू नये. कोणा जाणत्यासमोर मागेपुढे होणाऱ्या मोजणीच्या सायकलीवर बसून, कोपरे कोठे टेकली म्हणजे तासभर निवांत पायडल मारता येते ते पाहावे, आणि ते आकडे कागदावर लिहून दुकानात जावे. दुसरे, विकणाऱ्यास विचारावे की गादी याहून किती वर जाईल आणि किती खाली, त्यास काय लागेल आणि खर्च किती. आणि समोरची नळी लगेच कापू देऊ नये. अंग सहा महिन्यांनी बदलते. वय तर दरवर्षी बदलते.

ज्यांना अशा सायकलींशी कर्तव्य नाही, त्यांना आमचे सांगणे याहून सोपे आहे. यंत्रविद्येत माणसाच्या मापाचा विचार करणाऱ्या शास्त्राला 1949 साली ब्रिटनमध्ये 'अर्गॉनॉमिक्स' हे नाव रूढ झाले. आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमानेही उभ्याने काम करणाऱ्यास बसण्याची सोय असावी असे म्हटले होते. नावे आली, कायदे झाले. पण उद्या सकाळी आपण ज्या खुर्चीत बसाल, ज्या ओट्यापाशी स्वयंपाक कराल, ज्या शिलाईयंत्रापुढे किंवा संगणकापुढे दिवस काढाल, त्याची उंची कोणी कोणाच्या मापाने ठरविली हे एकदा पाहा. पाठ दुखत असेल तर आधी पाठीला दोष देऊ नका. टेबलाखाली वाकून पाहा, पायांना स्क्रू आहे का. असेल तर फिरवा. नसेल तर मागा, आणि शेजारच्या उंच किंवा बुटक्या माणसालाही आपल्याबरोबर मागावयास सांगा. स्टार्लीने 1885 साली सायकलस्वाराला जे देऊ केले ते मागण्यात लाज वाटण्याचे कारण नाही.